वेळीं न विचारलेला प्रश्न

सरकारी पैसा कोणाच्या हातून खर्च होतो हें रयतेस दिसतें. तलाठी, मामलेदार, ओव्हरसियर, डॉक्टर, मास्तर हीं माणसें तिच्या रोजच्या पाहण्यांतलीं आहेत. परंतु तो खर्च वाजवी झाला कीं नाहीं हें कोणीं, कोठें व केव्हां विचारावयाचें, याची कल्पना आमच्या शेतकरी बंधूंपैकीं फार थोड्यांस असते. विधिमंडळांत प्रश्न विचारले जातात एवढें वर्तमानपत्रांवरून कळतें. पण त्या प्रश्नोत्तरांनीं आपल्या विहिरीचें पाणी वाढत नाहीं कीं गाडीवाट दुरुस्त होत नाहीं, असें म्हणून आपण पान उलटतों. हा समज कितपत खरा आहे हें एका प्रत्यक्ष उदाहरणावरून तपासून पाहावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनीवर गेली. अधिवेशनाचे दिवस आले म्हणजे वरून कागद येत. अमुक कामावर इतका खर्च झाला हें खरें आहे काय, असा सभासदाचा प्रश्न; त्यावर "अत्यंत तातडीचें" असा शेरा; आणि उत्तराचा मसुदा दिवेलागणीच्या आंत हवा. आम्हीं असे मसुदे पुष्कळ केले. एका वर्षीं एका पाझर तलावाविषयीं प्रश्न आला. काम अर्धवट राहिलें असून रक्कम मात्र बहुतेक सारी खर्चीं पडली आहे, हें कचेरींत सर्वांस ठाऊक होतें. परंतु प्रश्नांत "सदर काम सुरू झालें आहे काय?" एवढेंच विचारलें होतें. आम्हीं "होय, हें खरें आहे" असें लिहिलें, साहेबांची सही झाली व कागद वर गेला. उत्तर खोटें नव्हतें. पण त्या वर्षीं तलावांत पाणी थांबलें नाहीं आणि खालच्या विहिरी माघांतच आटल्या. प्रश्न चुकीचा विचारला तर खरें उत्तरसुद्धां रयतेच्या कामास येत नाहीं, ही गोष्ट तेव्हांपासून आमच्या मनांत रुतून बसली आहे.

हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर उत्तर आयर्लंडांत घडली. त्या प्रकरणांत शेतकरी होते, शेतावरचे बॉयलर होते, सरकारी अनुदान होतें आणि सभासदांचे प्रश्नही होते. म्हणून तिकडची हकीकत येथें थोडी विस्तारानें देतों.

उत्तर आयर्लंड हा ब्रिटिश राज्याचा एक लहान भाग असून लोकवस्ती सुमारें १९ लक्ष आहे. तेथें तीस वर्षें रक्तपात चालला होता. तो १९९८ च्या करारानें बहुतांशीं थांबला व त्या प्रदेशास स्वतःचें विधिमंडळ व स्वतःचें मंत्रिमंडळ मिळालें. विधिमंडळ बेलफास्ट शहराजवळ स्टॉरमाँट येथें भरतें. शेती, शाळा, दवाखाने, रस्ते हीं खातीं लंडनच्या सरकारनें त्याच्याकडे सोंपविलीं. मुख्य मंत्री व उपमुख्य मंत्री हे दोन निरनिराळ्या पक्षांचे असतात. दोघांचा अधिकार सारखा, आणि एकानें राजीनामा दिला तर दुसऱ्याचेंही पद जातें.

हा कारभार चालावयाचा मुख्यतः लंडनहून येणाऱ्या ठोक रकमेवर. एकत्र कुटुंबांत थोरल्यानें धाकट्याचा संसार वेगळा मांडून द्यावा, वर्षाची ठराविक रक्कम त्याच्या हातीं ठेवावी, आणि पुढचें तूं पाहा म्हणून सांगावें, तसाच हा प्रकार आहे. धाकट्यानें एका बाबींत अधिक खर्च केला तर दुसऱ्या बाबींत हात आंखडलाच पाहिजे. पुढील सर्व अनर्थाचें मूळ समजण्यास एवढें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

२०१२ च्या नोव्हेंबरांत तेथील उद्योग खात्यानें विधिमंडळाच्या मंजुरीनें एक योजना सुरू केली. तेल जाळून इमारती व शेड तापविण्याऐवजीं लांकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या जाळाव्या, म्हणजे हवेंत दोष कमी जाईल, हा तिचा हेतु. जो कोणी असा बॉयलर बसवील त्यास, त्यांतून जितकी उष्णता निघेल तितक्या मापानें, वीस वर्षेंपर्यंत पैसे द्यावयाचे. कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्यांस पिलांच्या शेड सदैव उबदार ठेवाव्या लागतात. त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं बॉयलर बसविले. हेतु चांगला होता आणि शेतकऱ्यांनीं सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवून कर्जें काढलीं, यांतही कांहीं गैर नव्हतें.

आतां हिशेब पाहूं. विजेचें एक युनिट आपणां सर्वांस ठाऊक आहे. उष्णतेचेंही माप तेंच धरतात. मध्यम आकाराच्या बॉयलरास युनिटामागें ५.९ पेन्स इतका दर ठरला. खात्यानें नेमलेल्या सल्लागारांच्या अहवालांत इंधनाचा खर्च युनिटामागें ४.३९ पेन्स धरला होता. म्हणजे प्रत्येक युनिटामागें १.५१ पेन्स अधिक. बॉयलरची किंमत भरून निघावी म्हणून इंधनापेक्षां कांहीं अधिक देणें योग्यच होतें. चूक अधिक देण्यांत नव्हती. अधिक देण्यास सीमा नव्हती, येथें चूक होती. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथें अशीच योजना चालू होती. तींत वर्षाचे पहिले १,३१४ तास पुरे झाले म्हणजे पुढील उष्णतेचा दर एकदम खालीं येत असे. उत्तर आयर्लंडच्या नियमांत ही पायरीच ठेविली नाहीं. ९९ किलोवॅटचा बॉयलर वर्षाचे ८,७६० तास अखंड चालविला तर ८,६७,२४० युनिट उष्णता निघते, त्यावर १.५१ पेन्सांप्रमाणें सुमारें १३,००० पौंड दरसाल इंधनाचा खर्च वजा जातां उरतात. ही आकडेमोड आम्हीं एका कागदाच्या पाठीवर केली. जितकें अधिक जाळावें तितकें अधिक मिळावें, मग शेडमध्यें पिलें असोत वा नसोत, असा हा नियम झाला. पुढें गोळ्यांचे भाव उतरले, अनुदानाचा दर मात्र महागाईच्या मानानें चढत गेला. तेव्हां एक पौंड जाळावा आणि एक पौंड साठ पेन्स घ्यावे असें लोक उघड बोलूं लागले. "राखेबद्दल रोकड" असें थट्टेचें नांवही योजनेस पडलें.

कोणीं सावध केलें नाहीं असें नव्हे. ऑफजेम या नियामक संस्थेनें योजना सुरू होण्यापूर्वींच, २०१२ सालीं, खर्चास आळा घालणारी तरतूद नियमांत नाहीं असें खात्यास कळविलें होतें. २०१३ सालीं एका व्यापारी बाईंनीं, आपलें गिऱ्हाईक उष्णता वांचविण्याऐवजीं खिडक्या उघड्या टाकून बॉयलर चालवितें, असें पाहून खात्यास पत्रें लिहिलीं व अधिकाऱ्यांची भेट घेतली. अधिकाऱ्यांस तें खरें वाटलें नाहीं. त्याच वर्षीं खात्यानें खर्चास आळा घालण्याची एक सूचना लोकांच्या अभिप्रायासाठीं प्रसिद्ध केली; पुढें ती बाजूस राहिली. लंडनच्या तिजोरीनेंही सांगून ठेविलें होतें कीं, ठरल्यापेक्षां अधिक खर्च झाला तर त्याचा भार स्थानिक सरकारवर पडेल. हा कागदही दप्तरांत गेला.

मग विधिमंडळाचे सभासद काय करीत होते, असें वाचक विचारतील. प्रश्नोत्तरांचा तास तेथेंही असतो. लेखी प्रश्न असतात. प्रत्येक खात्यावर देखरेखीसाठीं सभासदांची समिति असते. तरीही "एका युनिटामागें आपण किती देतों, तें युनिट निर्माण करण्यास किती लागतें, आणि ही देणगी कोठें थांबते?" हा तीन ओळींचा प्रश्न वेळीं लावून धरला गेला नाहीं. जोंवर अर्ज थोडे येत होते तोंवर, योजनेचा प्रसार कां होत नाहीं, याचीच खात्यास काळजी होती. एखाद्या योजनेचा पैसा खर्च न झाला तर तो परत जाईल, या भीतीनें कचेऱ्यांत काय काय घडतें तें आम्हीं मार्चअखेरीस पुष्कळ वेळां पाहिलें आहे. त्या भीतींत खर्च बरोबर होतो कीं नाहीं हें पाहण्याची शुद्ध कोणास राहत नाहीं.

२०१५ सालीं खातें जागें झालें व दर उतरविण्याचें ठरलें. परंतु नियम बदलणार ही कुणकुण लागतांच बॉयलर बसविण्याची एकच घाई उडाली. त्या वर्षीं सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत ९०० हून अधिक अर्ज आले. नवा नियम १८ नोव्हेंबर २०१५ रोजीं लागू झाला. तोंवर जुन्या दरानें वीस वर्षांचें वचन मिळविणारांची रांग लागून गेली होती. २९ फेब्रुवारी २०१६ रोजीं योजना नव्या अर्जदारांस बंद करण्यांत आली.

यानंतर प्रश्न सुरू झाले. जुलै २०१६ मध्यें तेथील महालेखापरीक्षकांनीं अहवाल दिला, त्यावरून लोकलेखा समितीनें अधिकाऱ्यांस समोर बसवून उलटतपासणी केली. डिसेंबरांत बीबीसीच्या एका कार्यक्रमानें सारा प्रकार घरोघर पोहोंचविला. वीस वर्षांत अंदाजापेक्षां ४९ कोटी पौंड अधिक जातील असा आकडा पुढें आला. योजना सुरू झाली तेव्हां उद्योग खातें श्रीमती आर्लीन फॉस्टर यांच्याकडे होतें. आतां त्या मुख्य मंत्री होत्या. १९ डिसेंबर २०१६ रोजीं सुटी मोडून विधिमंडळ बोलाविलें. त्या निवेदन करण्यास उठल्या तेव्हां इतर पक्षांचे सभासद सभागृहांतून उठून गेले. त्यांस सहा महिने पदावरून दूर करावें या ठरावास ३९ मतें अनुकूल व ३६ प्रतिकूल पडलीं. तरी दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींचें बहुमत लागतें या नियमानें ठराव पडला. ९ जानेवारी २०१७ रोजीं उपमुख्य मंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनीं राजीनामा दिला आणि मंत्रिमंडळ कोसळलें. मार्चांत निवडणूक झाली, पण दोन मोठ्या पक्षांचें जमेना.

यापुढें जें झालें तें आमच्या मतें बॉयलरच्या खर्चापेक्षांही वाईट. जानेवारी २०१७ पासून जानेवारी २०२० पर्यंत, तीन वर्षें, तेथें मंत्री नव्हते व विधिमंडळाचें काम बंद होतें. खातीं अधिकारी चालवीत होते. दवाखान्यांपुढील रोग्यांच्या याद्या लांबत गेल्या. डिसेंबर २०१९ मध्यें परिचारिकांनीं वेतनासाठीं व माणसांच्या तुटवड्याबद्दल संप केला. दवाखाना, शाळा, रस्ता यांविषयीं प्रश्न विचारावयाचा तर कोणास विचारावा? उत्तर देणारी खुर्ची रिकामी, आणि विचारणाराचें बांकही रिकामें. वेळीं न विचारलेल्या एका प्रश्नानें पुढचे हजार प्रश्न विचारण्याची सोयच बंद केली.

निवृत्त न्यायाधीश सर पॅट्रिक कॉग्लिन यांच्या चौकशीचा अहवाल १३ मार्च २०२० रोजीं प्रसिद्ध झाला. त्यांत ३१९ निष्कर्ष व ४४ शिफारशी आहेत. आमच्या वाचकांस आश्चर्य वाटेल, परंतु बहुतेक दोषांचें मूळ लांचलुचपत किंवा दुष्ट हेतु नव्हे असा त्यांचा निर्णय आहे. नवीन प्रकारची योजना चालविण्यास लागणारी माणसें, वेळ व ज्ञान खात्याजवळ नव्हतें. एकानें दुसऱ्यावर विसंबावें, दुसऱ्यानें तिसऱ्यावर, असें वरपासून खालपर्यंत झालें. मूळ नियम आपण वाचले नव्हते, असें श्रीमती फॉस्टर यांनीं २०१८ सालीं चौकशीपुढें मान्य केलें. बैठकींत काय बोलणें झालें याचीं टिपणें ठेवण्याची चाल सुटली होती, असें तेथील नोकरवर्गाच्या प्रमुखांनीं सांगितलें. कारण टिपण ठेविलें कीं माहितीच्या कायद्यानें तें लोकांच्या हातीं जातें! आम्हीं जन्मभर टिपणें लिहिलीं, म्हणून हें वाचून आम्हांस विशेष वाईट वाटलें. ज्या दप्तरांत टिपण नाहीं तेथें सभासदानें कितीही चांगला प्रश्न विचारला तरी उत्तर काढावें कशांतून?

शेवटीं भुर्दंड कोणास बसला? पहिला, सर्व रयतेस. कारण ठोक रक्कम एकच. आणि दुसरा, प्रामाणिक शेतकऱ्यास. वीस वर्षांच्या वचनावर ज्यांनीं कर्ज काढून बॉयलर बसविले त्यांचेही दर २०१७ सालीं उतरविले. ते न्यायालयांत गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस उच्च न्यायालयानें सरकारच्या बाजूनें निकाल दिला. २०१९ सालीं लंडनच्या पार्लमेंटानें दर आणखी खालीं आणले, आणि ज्या बॉयलरवर वर्षास सुमारें १३,००० पौंड मिळत त्यावर सुमारें २,००० मिळूं लागले. रिकामी शेड तापविणारा व पिलें जगविणारा हे दोघेही एकाच मापानें मोजले गेले. अनुदानाची योजना सैल असली म्हणजे आज आपला फायदा आहे असें मानणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यानें हा शेवट नीट वाचावा. सैल योजना फार दिवस टिकत नाहीं. ती बंद पडतांना पहिला घाव वचनावर विसंबलेल्यावर पडतो.

आतां आपल्याकडे वळूं. खर्चाची विचारपूस करण्याची जी पद्धति स्टॉरमाँट येथें आहे, तिची व आपल्या पद्धतीची आई एकच. आपल्या देशांत कायदेकौन्सिलांत प्रश्न विचारण्याचा हक्क १८९२ च्या कायद्यानें आला व उपप्रश्न विचारण्याचा १९०९ च्या सुधारणांनीं. लोकलेखा समिति मध्यवर्ती कायदेमंडळांत १९२१ पासून आहे. आज महाराष्ट्राच्या विधिमंडळांत तारांकित प्रश्न आहेत, लोकलेखा समिति आहे, जिल्हा परिषदांचा कारभार पाहणारी पंचायती राज समिति आहे, आणि राज्याच्या जमाखर्चावरील महालेखापरीक्षकांचे अहवाल घटनेप्रमाणें सभागृहापुढें ठेवावे लागतात. हत्यारें सारीं घरांत आहेत. त्यांस धार लावणें मात्र आपल्याच हातीं आहे. कारण सभासदास गांवची गोष्ट गांवानें सांगितल्यावांचून कळत नाहीं.

कचेरीच्या आंतल्या बाजूस बसून आम्हांस जें दिसलें त्यावरून कांहीं सूचना करतों. आपल्या आमदारांकडे तक्रार न्यावयाची ती रडगाण्याच्या रूपानें न नेतां प्रश्नाच्या रूपानें न्यावी. "काम झालें काय?" असें विचारूं नये, त्याचें उत्तर "होय" असें सहज लिहितां येतें. "किती हातांचें काम मंजूर होतें, आजच्या तारखेस किती हात झालें, व कोणत्या तारखेस किती रक्कम दिली?" असें विचारावें. "खर्च फार झाला" असें म्हणूं नये. दर एकरास, दर विहिरीस, दर विद्यार्थ्यास किती पडला तें विचारावें. योजना नवी असेल तर तिची सीमा कोणती व सीमा ओलांडल्यास भार कोणावर, हें पहिल्याच वर्षीं विचारावें. तिसऱ्या वर्षीं विचारून उपयोग नाहीं. उत्तरांत "अंशतः खरें आहे" असें आलें तर कोणता अंश खरा व कोणता खोटा, हें पुन्हां विचारल्याशिवाय राहूं नये. "माहिती गोळा करण्यांत येत आहे" असें आलें तर तारीख लिहून ठेवावी व पुढील अधिवेशनांत त्याच शब्दांत पुन्हां प्रश्न घालण्याविषयीं सभासदांस विनवावें. आणि ग्रामसभेंत हेंच प्रश्न आधीं विचारावे. तेथें गप्प बसणारानें मुंबई-नागपुरांत आपल्यासाठीं कोणी बोलावें अशी अपेक्षा करणें व्यर्थ आहे.

यावर कोणी म्हणतील कीं, अनुदान घेणारा शेतकरी अनुदानाविषयीं प्रश्न विचारूं लागला तर तो आपल्याच पायांवर धोंडा पाडून घेईल. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. जी योजना विचारपूस सोसूं शकत नाहीं, ती आपल्याला कर्जांत लोटून मध्येंच हात सोडील. उत्तर आयर्लंडच्या शेतकऱ्यांस तसा अनुभव आलाच आहे. जिचा हिशेब पहिल्या वर्षीं तपासला गेला, तीच पुढें पांच-दहा वर्षें चालण्याचा संभव अधिक.

आम्हांस त्या पाझर तलावाचें उत्तर आतां बदलतां येत नाहीं. परंतु आपल्या सभेच्या प्रत्येक शाखेनें येत्या अधिवेशनापूर्वीं आपल्या तालुक्यांतील एका कामाचे आंकडे गोळा करून, तीन ओळींचा एक नेमका प्रश्न तयार करून तो आपल्या आमदारांकडे पोहोंचता केला, तर हा लेख लिहिण्याचे श्रम सफल झाले असें आम्ही समजूं. प्रश्नाचा मसुदा करण्यास कोणास साहाय्य हवें असल्यास तें आम्ही आनंदानें करूं. इतकीं वर्षें आम्हीं उत्तरांचे मसुदे केले आहेत, तेव्हां कोणत्या प्रश्नास पळवाट राहते व कोणत्यास राहत नाहीं, एवढें आम्हांस खास कळतें.